प्रशिक्षिकेचे पद कोणत्या आस्थापनेवर?

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मोंठ नावाचे स्थानक आहे. तेथून थोडे आत गेले की समथर लागते. एके काळचे हे छोटे संस्थान. गुर्जर राजघराणे, जुना किल्ला, १८१७ साली इंग्रजांशी झालेला तह आणि १९५० साली उत्तर प्रदेशात झालेला समावेश, एवढ्या नोंदींत त्याचा राजकीय इतिहास आटोपतो. आपल्या मराठी माणसांना हा मुलूख सर्वस्वी परका नाही. एका बाजूला नेवाळकरांची झाशी, दुसऱ्या बाजूला खेरांचे गुरसराय, आणि मधल्या गावांत आजही काही मराठी आडनावे सापडतात. आज मात्र समथरचा विचार इतिहासासाठी करायचा नाही. प्रशासनाची कोणतीही योजना तपासायची असेल, तर ती राजधानीत कशी दिसते हे पाहू नये, तहसिलीच्या टोकाला कशी पोहोचते ते पाहावे, असा माझा नेम आहे. त्या दृष्टीने समथर हे चांगले ठिकाण आहे.

प्रश्न साधा आहे. समथरमधील बारा वर्षांच्या एखाद्या मुलीला बास्केटबॉल खेळावेसे वाटले, तर तिला शिकवायला कोण येईल?

मैदानाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद सिमेंटची फरशी, दोन खांब, जमिनीपासून तीन मीटर पाच सेंटिमीटर उंचीवर दोन कड्या. शाळेच्या आवारात एवढी जागा निघते. न निघाल्यास अर्ध्या मैदानावरही खेळ शिकवता येतो. नगरपालिकेच्या किंवा आमदार निधीतून हे काम एका आर्थिक वर्षात होऊ शकते, आणि अशी कामे होतातही. कोनशिला बसते, फीत कापली जाते, उपयोगिता प्रमाणपत्र वर जाते. त्यानंतर त्या फरशीवर धान्य वाळत पडलेले दिसते, कारण फरशी मंजूर करणाऱ्या आदेशात शिकवणाऱ्या माणसाचा उल्लेख नसतो.

मुलींच्या बाबतीत ही उणीव दुप्पट होते. सरावाची वेळ बहुधा पहाटेची किंवा संध्याकाळची असते. स्पर्धांसाठी परगावी जाऊन मुक्काम करावा लागतो. ज्या वयात खेळ अंगात मुरायचा, त्याच वयात मुलीच्या शरीरात बदल होत असतात, आणि त्याविषयी ती पुरुष प्रशिक्षकाशी बोलत नाही. ती खेळ सोडून देते. आईवडिलांचा विरोध मुख्यतः खेळाला नसतो. ‘बरोबर कोण असणार?’ हा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो अगदी रास्त आहे. त्याचे समाधानकारक उत्तर म्हणजे गावात राहणारी, रोज मैदानावर दिसणारी, पालकांना नावाने ओळखणारी प्रशिक्षिका. म्हणजे प्रश्न शेवटी आस्थापनेचा आहे. हे पद आहे का? असेल तर कोणत्या विभागाकडे, कोणत्या वेतनश्रेणीत, आणि पुढे बढतीची वाट कोठे जाते?

प्रशिक्षण हा स्वतंत्र व्यवसाय आहे, हे शासनाने मान्य केल्याला साठ वर्षांहून अधिक काळ झाला. १९६१ साली पटियाळ्याच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. झाशीकरांना तिचे विशेष अप्रूप असायला हवे, कारण झाशीत वाढलेले ध्यानचंद १९५६ साली सैन्यातून निवृत्त झाल्यानंतर पुढे याच संस्थेत हॉकीचे मुख्य प्रशिक्षक होते. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही निवृत्तीनंतर आपली विद्या पुढे देण्यासाठी संस्था लागली, पद लागले, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांच्या नावाने आज देशातील सर्वोच्च क्रीडा पुरस्कार दिला जातो. पण त्यांच्या जिल्ह्यातील एखाद्या तहसिलीत त्यांच्यासारखे शिकवणारे पद निर्माण करणे हे पुरस्काराला नाव देण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि म्हणून ते मागे पडले.

पटियाळ्याची पदविका घेतलेल्या स्त्रिया देशात आहेत. पण पदविका म्हणजे पद नव्हे. राज्याराज्यांत कायम प्रशिक्षकांच्या जागा थोड्या, त्यांतल्या अनेक रिक्त, आणि प्रत्यक्ष काम मानधनावरच्या माणसांकडून करून घेतले जाते. अकरा महिन्यांचा आदेश, मग खंड, मग पुन्हा आदेश, ही पद्धत आपल्याकडे सर्वपरिचित आहे. या पद्धतीत पुरुषाचेही हाल होतातच. स्त्रीच्या बाबतीत ती व्यवसायच संपवते. मूल होण्याच्या वर्षी आदेशाचे नूतनीकरण झाले नाही, की दहा वर्षांचा अनुभव कागदावरून पुसला जातो. हंगामी व रोजंदारीवरील स्त्रियांनाही प्रसूतिलाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात २००० सालीच दिला आहे. पण जिचा आदेशच संपला, तिने रजा कोणाकडे मागायची?

उत्तर प्रदेशातच अशा कारकिर्दीचे एक ठळक उदाहरण आहे. वाराणसीच्या सिंह भगिनींचे नाव बास्केटबॉलच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. एकाच घरातील बहिणींनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्यांतील प्रशांती सिंह यांना २०१७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०१९ साली पद्मश्री मिळाली. दिव्या सिंह यांनी २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. त्यानंतर त्या अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकल्या, तेथील महिला संघाच्या प्रशिक्षणात त्यांनी काम केले आणि परतल्यावर राष्ट्रीय संघांच्या सहायक प्रशिक्षक म्हणूनही काम पाहिले. ही कारकीर्द गौरवास्पद आहे. पण प्रशासकाच्या नजरेने तिच्याकडे पाहिले, तर तिच्यातील एकेक पायरी त्या स्त्रीने स्वतः बांधलेली दिसते. राष्ट्रीय कर्णधाराने खेळणे थांबवल्यावर कोणत्या कार्यालयात जायचे, कोणता अर्ज भरायचा, कोणत्या पदावर रुजू व्हायचे, याचे ठरलेले उत्तर आपल्या व्यवस्थेत नाही. कर्णधाराची ही स्थिती, तर जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळून थांबलेल्या शेकडो मुलींची काय असेल?

त्या मुली कोठे जातात, हे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. भारतीय महिला बास्केटबॉलचा सर्वांत मोठा पोशिंदा म्हणजे रेल्वे. क्रीडा कोट्यातून रेल्वेने मुलींना नोकऱ्या दिल्या, आणि राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या महिला संघाचे वर्चस्व दीर्घकाळ राहिले. या धोरणाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. खेळणाऱ्या मुलीचे लग्न आणि पोट हे दोन्ही प्रश्न त्या नोकरीने सोडवले. पण तिशीच्या आसपास खेळ थांबतो आणि नोकरी पुढे पंचवीस-तीस वर्षे चालते. ती बहुतेक वेळा आरक्षण कार्यालयात, कार्मिक शाखेत किंवा लेखा शाखेत चालते. झाशी हे रेल्वेच्या मंडळाचे मुख्यालय आहे. ज्या शहरात खेळाडूंना पगार देणारी एवढी मोठी आस्थापना आहे, तेथून दीड-दोन तासांवरच्या गावात शिकवायला कोणी नाही, ही आपल्या विभागवार कारभाराची खरी कहाणी आहे. रेल्वेच्या लेखी ती कर्मचारी आहे, क्रीडा विभागाच्या लेखी ती माजी खेळाडू आहे, शिक्षण विभागाच्या लेखी ती कोणीच नाही.

याच्या उलट उदाहरण भिलाईचे. तेथील पोलाद कारखान्यात नोकरी करणारे राजेश पटेल यांनी मुलींना बास्केटबॉल शिकवण्यात आयुष्य घातले. छत्तीसगडचे मुलींचे संघ राष्ट्रीय पातळीवर वारंवार पदके मिळवू लागले, आणि त्यांच्या हाताखालून अनेक मुली भारतीय संघात गेल्या. २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचे श्रेय त्यांचे आहेच. पण एका सार्वजनिक उपक्रमाने आपल्या माणसाला वर्षानुवर्षे मैदानावर राहू दिले, हेही तितकेच महत्त्वाचे. पुरुष प्रशिक्षक मुलींना घडवू शकत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, हे या उदाहरणावरून दिसते. माझा मुद्दा वेगळा आहे. जी सवलत भिलाईत एका पुरुषाला मिळाली, ती एखाद्या स्त्रीला मिळेल अशी रचना कोठे आहे?

येथे अमेरिकेचा अनुभव सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण त्यात एक आशा आहे आणि एक इशाराही आहे. १९७२ साली तेथे शिक्षणातील लिंगभेदास मनाई करणारा कायदा झाला. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पॅट समिट या बावीस वर्षांच्या तरुणीकडे टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाची जबाबदारी आली. पगार महिन्याला २५० डॉलर. संघाची गाडी तीच चालवी, खेळाडूंचे गणवेश तीच धुई. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये ती स्वतः खेळाडू म्हणून रौप्यपदक घेऊन आली. १९८४ मध्ये तिच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेने सुवर्णपदक मिळवले. अडतीस हंगामांत १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे अशी तिची नोंद आहे. तिच्या हाताखाली पूर्ण काळ खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी पूर्ण केली, ही नोंद मला विजयांच्या आकड्याहून मोठी वाटते. २०११ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या आजाराचे निदान झाल्यावरही तिने एक हंगाम काम केले. २०१२ मध्ये ती निवृत्त झाली आणि २०१६ मध्ये तिचे निधन झाले.

या कारकिर्दीमागची प्रशासकीय बाजू फारशी सांगितली जात नाही. टेनेसी विद्यापीठात २०१२ पर्यंत महिलांच्या खेळांचा विभाग पुरुषांच्या विभागापासून वेगळा होता आणि त्याची प्रमुख स्त्री होती. म्हणजे प्रशिक्षिकेच्या कामाचे मूल्यमापन करणारे, तिचा अर्थसंकल्प मांडणारे कार्यालयही स्त्रीच्या हाती होते. एका पदावर एक माणूस चाळीस वर्षे टिकतो, तेव्हा त्याच्या गुणांबरोबर त्याच्या वरचे कार्यालयही पाहावे.

आता इशारा. १९७२ साली अमेरिकेत मुलींच्या महाविद्यालयीन संघांना शिकवणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. चार दशकांनंतर हे प्रमाण त्रेचाळीस टक्क्यांच्या आसपास आले. बास्केटबॉलमध्ये ते त्या मानाने बरे राहिले, पण एकूण घसरण स्पष्ट आहे. कायद्यामुळे मुलींचे संघ वाढले, पैसा आला, प्रशिक्षकाचे पद पगाराचे आणि प्रतिष्ठेचे झाले. आणि नेमके तेव्हाच त्या पदांवर पुरुष येऊ लागले. अनेक ठिकाणी दोन विभाग एक झाले आणि निवड करणारे बहुतेक पुरुष असल्यामुळे निवडही त्यांच्या परिचितांतून झाली. यात कोणाचा कट नव्हता. पदाला किंमत आली की स्पर्धा वाढते, आणि निवडीची रचना जशी असेल तसा निकाल लागतो. आपल्याकडे प्राथमिक शिक्षण, परिचर्या किंवा अंगणवाडी या क्षेत्रांत राबणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या वरच्या खुर्च्यांवरची मंडळी यांचा हिशेब मांडला, तर हा न्याय परका वाटणार नाही.

म्हणून ‘प्रशिक्षकांना चांगला पगार द्या’ एवढी मागणी पुरेशी नाही. पगार आणि निवडीची रचना या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. त्या एकत्र आल्या की काय घडते, याचे अलीकडचे उदाहरण बेकी हॅमन हिचे. २०१४ साली अमेरिकेतील पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये पूर्ण वेळ सहायक प्रशिक्षक होणारी ती पहिली स्त्री. तेथे आठ वर्षे काम केल्यावर २०२२ मध्ये तिने लास व्हेगासच्या महिला संघाची सूत्रे घेतली आणि पहिल्याच हंगामात अजिंक्यपद मिळवले. तिला ही तालीम मिळाली, कारण मधली पायरी अस्तित्वात होती आणि त्या पायरीवर तिला उभे राहू दिले गेले.

आपल्या महाराष्ट्रात बास्केटबॉलमध्ये नसले, तरी नेमबाजीत असे मधले दुवे तयार झाले आहेत. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या दीपाली देशपांडे आणि सुमा शिरूर या दोघीही पुढे प्रशिक्षिका झाल्या. सुमा शिरूर यांना २०२२ च्या आणि दीपाली देशपांडे यांना २०२४ च्या यादीत द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकले, त्यामागे दीपालीताईंचे मार्गदर्शन होते. स्त्रीने पुरुष खेळाडूला ऑलिंपिक पदकापर्यंत नेले, ही घटना मराठी समाजाने जितकी साजरी करायला हवी होती, तितकी केली नाही असे मला वाटते. तरीही येथे एक गोष्ट नोंदवावी लागेल. शिखरावर दोन-चार स्त्रिया पोहोचतात तेव्हा त्यांना पुरस्कार देता येतो. तालुक्यात दोनशे स्त्रिया लागतात तेव्हा पुरस्कार कामाला येत नाही, तेथे संवर्ग लागतो.

या संवर्गाची निकड आता नियमांमुळेही निर्माण झाली आहे. २०२२ च्या जूनमध्ये परदेशी दौऱ्यावरील एका महिला खेळाडूने आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडू असलेल्या प्रत्येक पथकाबरोबर महिला प्रशिक्षक असणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये दिल्लीत कुस्तीगीर मुली रस्त्यावर बसल्या आणि हा विषय घरोघरी पोहोचला. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या कार्यकारिणीत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवल्या. हे सर्व योग्यच झाले. परंतु ‘महिला प्रशिक्षक सोबत असावी’ असा आदेश काढताना, ती आणायची कोठून याचा विचार त्याच टिपणीत व्हायला हवा होता. तसा न झाल्यास काय होते हे प्रत्येक अनुभवी लिपिक सांगू शकेल: कोणा शिक्षिकेचे किंवा पालकाचे नाव यादीत घालून अट पूर्ण केली जाते. नियम पाळला जातो आणि मुलगी होती तेथेच राहते.

यावर करता येण्याजोग्या काही गोष्टी सुचवतो.

पहिली, पदनिर्मिती. प्रत्येक तालुक्यात किंवा तहसिलीत सांघिक खेळांसाठी किमान एक कायम प्रशिक्षिकेचे पद आकृतिबंधात असावे आणि ते मुलींच्या माध्यमिक शाळेशी जोडलेले असावे. तालुका क्रीडा संकुल बांधताना इमारतीबरोबरच या पदाला मंजुरी असावी. पद नसेल तर इमारतीला निधी देऊ नये.

दुसरी, सेवाप्रवेश नियम. खेळाडू स्त्री तिशी ओलांडून या क्षेत्रात येते, अनेकदा एक-दोन मुलांनंतर येते. सामान्य वयोमर्यादा तिला बाहेर ठेवते. तिच्यासाठी वयाची अट शिथिल करावी. पटियाळ्याची वर्षभराची पदविका तिला एका दमात शक्य नसेल, तर सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर प्रवेश देऊन पदविका नोकरीत असताना पूर्ण करू द्यावी. निवड समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात. अमेरिकेचा धडा हाच आहे.

तिसरी, प्रतिनियुक्ती. रेल्वे, पोलीस, बँका व सार्वजनिक उपक्रम यांत क्रीडा कोट्यातून आलेल्या स्त्रियांना खेळ थांबल्यावर पाच वर्षांसाठी क्रीडा विभागाकडे पाठवावे. मूळ पदावरील धारणाधिकार, ज्येष्ठता आणि वेतन सुरक्षित राहावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन विभागांत सामंजस्य आणि एक सुस्पष्ट आदेश पुरे. झाशी मंडळातील एक कर्मचारी आठवड्यातून चार दिवस समथरला शिकवू लागली, तर रेल्वेची एकही गाडी उशिरा सुटणार नाही.

चौथी, बढतीची वाट. तालुका, जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय संस्था अशी शिडी दिसली पाहिजे. मूल्यमापन पदकांवर करू नये. पदकांवर केले की प्रशिक्षिका दोन तयार मुली धरून बसते, आणि गुणवाढीपुरते प्रमाणपत्र मिळवणाऱ्या मुलींची संख्या वाढते. सहावीत आलेल्या किती मुली दहावीतही मैदानावर होत्या, एवढा एकच आकडा दरवर्षी मागवावा.

पाचवी, राहण्याची सोय. लहान गावात एकट्या स्त्रीला भाड्याने खोली मिळत नाही, ही अडचण आपण कागदावर कधी लिहीत नाही आणि मग ‘महिला उमेदवार रुजू झाल्या नाहीत’ असा शेरा मारतो. शिक्षिका, परिचारिका, पर्यवेक्षिका आणि प्रशिक्षिका यांच्यासाठी तालुक्याच्या गावी एकत्र निवासस्थान बांधले, तर चार विभागांचा प्रश्न एका इमारतीत सुटेल.

यावर पैशांचा आक्षेप घेतला जाईल. त्याला उत्तर असे की, आपण क्रीडा संकुलांवर, भव्य स्पर्धांवर आणि परदेशी प्रशिक्षकांवर खर्च करतोच. भारतीय महिला संघाने २०१७ साली बेंगळुरूत आशिया चषकाच्या दुसऱ्या गटाचे विजेतेपद मिळवले, तेव्हा त्याचे प्रशिक्षक सर्बियाचे झोरान व्हिसिच होते. त्यांचे काम उत्तम होते. पण वरच्या टोकाला बाहेरून माणूस आणता येतो. समथरसाठी सर्बियाहून कोणी येणार नाही. तेथे मोंठची, झाशीची किंवा फार तर कानपूरची मुलगीच लागेल, आणि ती यावी असे वाटत असेल तर तिच्या नियुक्तिपत्रावर पद, वेतनश्रेणी आणि पुढचा हुद्दा या तीन गोष्टी छापलेल्या असाव्या लागतील.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती करून थांबतो. झाशी, ग्वाल्हेर, इंदूर, भिलाई, बडोदे येथील आपल्या मंडळांकडे सभागृहे आहेत, कित्येकांकडे शाळा आहेत, काहींकडे मोकळे मैदानही आहे. गणेशोत्सवातील बक्षीस समारंभावर होणाऱ्या खर्चातून खेळलेल्या एका स्त्रीला वर्षभराचे मानधन देऊन परिसरातील सर्व भाषांच्या मुलींसाठी मैदान खुले करता येईल. शासनाने पद निर्माण करीपर्यंत हे चालवावे, आणि तीन वर्षांनी मुलींची हजेरीपत्रके घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. हजेरीपत्रक समोर असले की पदनिर्मितीचा प्रस्ताव नाकारणे कोणत्याही कार्यालयाला जड जाते, हे मी आतल्या बाजूने पाहिलेले आहे.